हिऱ्याला बिलगलेले हाड

पौषातली पांडुर सकाळ. माळावर धुक्याचे विरलेले वस्त्र, गवतावर गोठू पाहणारे दव. आणि त्या धूसर, हिमार्द्र, निःशब्द विस्तारात, प्रयोगशाळेमागच्या कुरणात, एक शुभ्र मेंढी चरत होती.

शरदात डॉक्टर मृण्मयीने तिच्या मांडीच्या हाडात टायटॅनियमची खुंटी बसवली होती. खुंटीवर हिऱ्याचा लेप होता: वायूच्या जांभळ्या ज्योतीत कणाकणाने रुजवलेला, श्वासाहून तलम. नुसत्या धातूला हाड कधी कधी परके मानते. सांधा सैलावतो, वेदना परतते. मृण्मयीच्या आईचा कृत्रिम गुडघा असाच सैलावला होता. जिना उतरणे तिने सोडले होते. खिडकीशी बसून ती रस्त्यावरची चालती पावले पाहत राही.

हिऱ्याला तरी हाड आपले म्हणेल का? क्ष-किरणांत सावल्या दिसत; मीलन दिसत नसे. ते पाहायचे, तर मेंढीला कायमचे निजवून हाड बाहेर काढावे लागणार होते.

मेंढ्या सांभाळणारे बिरूमामा त्या मेंढीला शेवंती म्हणत. "मॅडम, शेवंती आता अजिबात लंगडत नाही," ते म्हणाले.

"म्हणूनच आजचा दिवस ठरवलाय, मामा."

मामा बराच वेळ तिच्या लोकरीतून बोटे फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी धरतो. माझ्याजवळ घाबरायची नाही ती."

ती घाबरली नाही. सुई टोचली, मिटत्या कमळासारखे तिचे डोळे मिटले. मामांनी मांडीवरचे डोके लगेच खाली ठेवले नाही.

काही आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते दृश्य उजळले. हाड हिऱ्याला बिलगले होते. घट्ट, गाढ, निःसंशय. मधे फटीची रेघही नव्हती. मृण्मयीला आनंद झाला.

तिने आईला फोन लावला. "आई, जमलं. हाडानं हिरा धरलाय. पण माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील गं."

"लागू देत," आई म्हणाली. "ती मेंढी चालते का नीट?"

"चालत होती, आई."

दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.

बाहेर सांज उतरत होती. मामा उरलेला कळप गोठ्याकडे नेत होते. खुरांची धूळ उठली. क्षणभर केशरी झाली, मग राखाडी झाली, मग अंधार झाली.