चकतीतलं भोक

सभागृहाच्या दारात टोपली ठेवली होती आणि लोक हसत हसत त्यात आपले चष्मे टाकत होते. ते बघूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मंचावर किरणबाबा. "लेसर म्हणजे तरी काय? प्रकाशच ना? डॉक्टर त्याने कॉर्निया तासतात. माझ्या चकतीतून आतला लेसर जातो. ना चिरा, ना टाके."

लेसरच्या ऑपरेशनला टाके नसतातच, पण याला विचारणार कोण? भक्ताचा चष्मा काढायचा, डोळ्यासमोर बारीक भोकाची तांब्याची चकती धरायची आणि भिंतीवरचा तक्ता वाचायला लावायचा. भक्त घडाघडा वाचायचा. मग टाळ्यांचा कडकडाट.

रांगेत माझी भाचीही होती. आमच्या शिवणकामाच्या कारखान्यात मी कापते, ती शिवते. इस्त्रीच्या वाफेने चष्म्याच्या काचा धुरकटतात, म्हणून तिला लेसर करून घ्यायचा होता. मीच तिला नेत्रतज्ज्ञ बाईंकडे नेलं होतं.

बाई म्हणाल्या, "कॉर्निया म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच समज. लेसर ती तासून आकार देतो, मग उजेड आतल्या पडद्यावर नेमका पडतो. तुझी कॉर्निया आधीच पातळ आहे आणि पुढे फुगत चालली आहे. तासली तर आणखी फुगेल. तुला क्रॉसलिंकिंग हवं. थेंब टाकून, ठरावीक प्रकाश सोडून कॉर्निया घट्ट करायची. उशीर करू नकोस, गेलेली नजर परत आणता येत नाही."

या पोरीने त्यातलं एवढंच ऐकलं की लेसर नाही. तारीख घेतली आणि गेलीच नाही. परवा तिची शिलाई खडूच्या रेघेबाहेर पळाली, तेव्हा कळलं की आमच्या भाचीबाईसाहेब कित्येक महिने चष्मा सोडून याच बाबाची चकती लावून बसतात. म्हणून आज मी तिच्यामागोमाग इथे आले होते.

मी रांग तोडून पुढे गेले. पिशवीत ब्लाउजच्या कापाचा पुठ्ठा होता. टक्सचं, म्हणजे शिवायच्या चुणीचं, टोक खडूने उतरवता यावं म्हणून आम्ही पुठ्ठ्याला दाभणाने भोक पाडतो. भाचीला उजवा डोळा झाकायला लावून तोच डाव्यापुढे धरला.

"वाच."

तिने तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"अहो, पुठ्ठ्यावर कुठला मंत्र आहे?" मी बाबाला विचारलं. "डॉक्टरबाई तपासताना असंच भोकांचं काळं झाकण धरतात. भोकातून मोजकेच किरण आत जातात, पसरणारे अडतात, म्हणून अक्षर स्पष्ट दिसतं. डोळा होता तसाच राहतो."

"श्रद्धा नसलेल्यांना..." बाबा सुरू झाला.

"आता पुठ्ठा काढते," मी भाचीला म्हटलं. "पुन्हा वाच."

ती बघत राहिली. पहिली ओळही येईना. "मावशी," ती हळूच म्हणाली, "डावा तर आधी एवढा वाईट नव्हता गं."

मला रडू आलं आणि रागही आला, तिचा, बाबाचा, टाळ्या पिटणाऱ्या त्या सगळ्यांचा. पुठ्ठा हातोहात फिरू लागला. टोपलीभोवती चष्म्यांसाठी झोंबाझोंबी झाली आणि त्या गडबडीत बाबा मागच्या दाराने सटकला.

क्रॉसलिंकिंग झालं. उजवा डोळा वाचला. डाव्याचं फुगणं थांबलं, पण गेलेलं परत आलं नाही. एकाच डोळ्याने सुईच्या नेढ्याचा अंदाज येत नाही, म्हणून आता तिला जाड दोरासुद्धा दुसऱ्याकडून ओवून घ्यावा लागतो.

म्हणून कळकळीने सांगते, कुणीही नजर परत आणल्याचं म्हटलं, तर त्याची चकती आधी बाजूला ठेवा आणि मग वाचून बघा. नाही वाचता आलं, तर थेट डॉक्टरकडे जा. तेही त्याच दिवशी.