पाहुणा मागून येतो

एर्सायिन आगांनी माझ्या जहाजावर लाल पेन्सिलीने फुली मारायला घेतली, तेव्हा मी त्यांचा हात धरला. दिग्दर्शकाचा हात धरत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण जहाज माझं होतं.

आमच्या अल्माटीच्या स्टुडिओचा हा पहिला मोठा अंतराळपट, कार्टूनचा. जहाज मी काढलं होतं. लांबलचक सांगाडा, पुढच्या टोकाला माणसांची घरं आणि शेपटाला, जमेल तितकी दूर, अणुभट्टी. मध्ये उष्णता बाहेर फेकणारे भलेमोठे पंख, तापून लालसर झालेले. अणू फुटतो, उष्णता होते, उष्णतेची वीज होते, विजेवर जहाज चालतं. उद्या एखाद्या पोराने विचारलं, हे कशावर चालतं, तर उत्तर तयार आहे. आधीच्या चित्रात इंजिनाच्या जागी एक निळा मणी होता. मणी चमकायचा आणि जहाज उडायचं! असल्या मण्यांची मला मनापासून चीड आहे.

त्या दुपारी जहाज पक्कं करायचं होतं, म्हणून कुर्चातोव्हहून तौमानला बोलावलं होतं. पोरगा अणुभट्ट्यांवरच काम करतो. त्याने पंख पाहिले, भट्टी आणि माणसांच्या मधली जाड ढाल पाहिली, आणि खूश होऊन दोनदा मान डोलावली. मी हवेत होते. मग त्याने पाहुण्यांचा प्रसंग पाहिला आणि तो तोंडातला बाउर्साक, पिठाचा तळलेला गोळा, चावायचा थांबला.

"आपाय, हे पाहुणे मेले की," तो मला म्हणाला.

हा प्रसंग म्हणजे आगांचा जीव. कित्येक वर्षांनी दुसरं एक जहाज भेटायला येतं. आगांनी ते आमच्या कझाख रीतीप्रमाणेच आणलं होतं: लांबूनच वेग कमी करत, घराच्या मागच्या बाजूने, सावकाश. समोरून दारावर घोडा घालतो तो भांडायला आलेला असतो, नाहीतर कुणी गेल्याची बातमी घेऊन. यात विचार करण्यासारखं काही आहे असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नव्हतं. मलाही नाही.

"मागून म्हणजे भट्टीकडून ना?" तौमानने पडदे ओढले आणि टेबलावरचा दिवा लावला. "ही भट्टी, आणि उजेड म्हणजे तिचे घातक किरण." दिव्याजवळ चहाची वाटी उभी धरली. "ही ढाल." वाटीची सावली टेबलावर लांब पडली, तिच्यात त्याने एक बाउर्साक ठेवला. "ही आपली माणसं. सावलीत आहेत, सुखात आहेत." मग दिव्याच्या दुसऱ्या बाजूला त्याने कुर्तची, वाळवलेल्या खारट दह्याची, एक गोळी ठेवली. ती प्रकाशात लख्ख उजळली. "आणि हे तुमचे पाहुणे."

"मग भट्टी बंद करा!" आगा म्हणाले.

"केली तरी किरण लगेच संपत नाहीत, आगा. कमी होतील. आणि आतल्यांची वीज जाईल."

"म्हणजे? पाहुणा आला म्हणून घरातली चूल विझवायची?" आगा स्वतःच्याच सूचनेवर भडकले.

"समोरून येऊ दे ना त्यांना," मी म्हणाले.

"तुझ्या घरी येत असतील तसे. माझ्या सिनेमात नाही." त्यांनी लाल पेन्सिल उचलली. "प्रसंग राहील. जहाज जाईल. तो मणी शोधा कुठंय."

इथे मी हात धरला. डोक्यात नुसती तिडीक गेली होती.

"आगा, पाहुणा एवढा लांबून येतो आणि तुमचं घर काय ढिम्म बसून राहतं?"

"बसून? अगं, बसून कसं राहील? बाहेर येऊन घोड्याचा लगाम धरायला नको..."

आगांनी पेन्सिल टाकली, तौमानच्या हातातली वाटी घेतली आणि ते ती दिव्याभोवती फिरवायला लागले. बाउर्साक मी सरकवत नेला. सावली टेबलावरून सरकत सरकत गेली आणि कुर्तच्या गोळीवर चढली. गोळी अंधारात.

"उठलं!" मी ओरडले. "जहाज उठलं पाहुण्यासाठी!"

"चालेल," तौमान हसायलाच लागला. "अहो, खरंच चालेल! पाहुण्यांनी खूप लांब थांबायचं, आपल्या जहाजाने तोंड फिरवेपर्यंत. फक्त हळू हं. गर्रकन वळलं तर पंख मोडतील."

"किती हळू?"

"अर्धा तास तरी."

माझं तोंड उतरलं. सिनेमात अर्धा तास कोण बघणार! पण आगा खुर्चीत बसले होते, वाटी तशीच हातात.

"माझे वडील," ते म्हणाले, "शेवटच्या वर्षी त्यांना उठवत नव्हतं. तरी दारात कुणी आलं की उठायचे. आधी एक हात, मग गुडघा. आम्ही म्हणायचो, बसा हो. ऐकायचे नाहीत. आणि आलेला माणूस तसाच उभा राहायचा, ते उठेपर्यंत. कुणी कधी घाई केली नाही." त्यांनी नाक ओढलं. "जितका वेळ लागेल तितका दाखवू. कापायचं नाही. कामशात, वाटी पुन्हा पहिल्या जागी धर."

मी धरली. या वेळी इतकी हळू फिरवली की हात भरून आला. तौमान कुर्तच्या गोळीवर बोट ठेवून बसला होता, ती पुढे येऊ नये म्हणून. सावली गोळीला शिवली तेव्हा आगा उघड उघड रडत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की मी मोकळ्या हाताने टेबल बडवत होते.