एकच अखंड टेप

फिनबार टूमीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि चौदावी कॅसेट तिच्या डबीत परत घातली. तिच्यातही तेच होतं. गाणं संपत आलं की त्याच्या आवाजातला 'तर मंडळी' हा शब्द अर्धामुर्धा ऐकू यायचा, मग खट्ट, आणि पुढचं गाणं.

"काय रे, सापडलास का?" चहाच्या टेबलापाशी स्कोन कापत असलेल्या पेग लूसीने विचारलं.

"अर्ध्या शब्दापुरता."

"मग काय तर. तू तोंड उघडलंस की आमच्याकडे बटण दाबायला तिघं भाऊ धावायचे. गाणी हवी होती रे आम्हाला. तुझं पुराण कुणाला हवं होतं?"

बंदरावरच्या ग्रंथालयात शनिवारी सकाळपासून जुन्या टेपा गोळा होत होत्या. कॉर्क शहरातल्या संग्रहालयाची एथ्ना नावाची मुलगी यंत्रं घेऊन आली होती. लोकांनी माळ्यावरून खोकी उतरवून आणली होती. जे टिकण्याजोगं असेल ते ती उतरवून घेणार होती आणि इंटरनेटवर जगभर कुणालाही ऐकता येणार होतं.

चाळीस वर्षं गावात जो भेटेल तो फिनबारला म्हणत आला होता, "तुझे सगळे कार्यक्रम आमच्याकडे टेप आहेत हं." आणि त्याने ते खरं मानलं होतं. चौऱ्याऐंशी ते शहाऐंशी, दोन वर्षं, दर रविवारी संध्याकाळी तो घरामागच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून, विनापरवाना, बोलत असे. हर्लिंगच्या सामन्यांचे निकाल, हरवलेली कुत्री, कुणाच्या मयतीची वेळ, लंडनला गेलेल्या मुलांकडून आयांना निरोप. स्वतःचं नाव मात्र तो हवेवर कधी घेत नसे, कारण घेतलं असतं तर तो पुरावा झाला असता. दूध डेअरीत त्याने एकतीस वर्षं नोकरी केली, ती कुणाच्या लक्षातही नव्हती. लक्षात होती ती ही दोन वर्षं. आपल्या बोलण्याचा एक पुरा तास कुठेतरी राहावा, एवढंच त्याला हवं होतं. वय पंचाहत्तर झालं होतं, आणि आपल्यामागे दुसरं काही राहील असं त्याला वाटत नव्हतं.

कोपऱ्यात खिडकीखाली कॉन हेगार्टी डोळ्याला भिंग लावून तुटलेल्या टेपा जोडत होता. त्याच्या आजूबाजूच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. गर्दी असली तरी त्या तशाच राहत.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये रेडिओचे परवाने देणाऱ्या सरकारी खात्याची माणसं पोलिसांना घेऊन आली ती कुणालाही रस्ता न विचारता थेट खुराड्याशी. म्हणजे आतली खबर होती. कॉनचं समोरच रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. रविवारी गिऱ्हाइकांच्या टीव्हीवर पट्टे येतात म्हणून तो दोनदा कुरकुरला होता. त्या रात्री पबमध्ये फिनबारने त्याचं नाव घेतलं. एकदाच घेतलं, पण तेवढं पुरलं. त्या मुलखात चोराला माफी मिळते, दारुड्याला मिळते, खबऱ्याला नाही. दीड वर्षात दुकानाला कुलूप लागलं. कॉनने लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, आणि हो किंवा नाही असं कधी काही म्हटलंही नाही.

"फिनबार, एक राहिलीय," एथ्ना हातात खाकी पाकीट घेऊन आली. "खात्याचे जुने कागद आमच्याकडे आलेत ना, त्यांत सापडली. कुणीतरी तक्रारीसोबत पुरावा म्हणून पाठवलेली. पत्र गहाळ झालंय, नुसती टेपच आहे. तुटली होती, ती हेगार्टींनी काल जोडली. मला म्हणाले, हा फिनबारच आहे. आधी त्याला एकट्याला ऐकू दे, मग तो ठरवेल." तिचा चेहरा खुलला होता. "पुरा तास आहे. कुठेच बटण दाबलेलं नाही."

फिनबारने हेडफोन चढवला.

आवाज छत्तीस वर्षांच्या माणसाचा होता. चांगला होता. त्याने डोळे मिटले. क्लॉइन गावातल्या कुणाचा तरी ग्रेहाउंड हरवला होता, आणि तो त्याचं असं वर्णन करत होता की कुत्रा डोळ्यांसमोर उभा राहावा. मिडल्टनच्या एका मुलीला आज सात वर्षं पूर्ण होत होती. तिचं नाव तो दोनदा, लाडाने घेत होता.

मग आवाजामागचं काहीतरी त्याला जाणवलं. रेकॉर्डर नुसताच रेडिओसमोर ठेवलेला होता, त्यामुळे खोलीसकट सगळं उतरलं होतं. किटलीचं झाकण वाजलं. खुर्ची सरकली.

"आई, बाबा माझं नाव कधी घेतात?"

"घेतील. गप्प बस, टेप चालूय."

"पण माझा वाढदिवस होऊन गेला."

"ऊना, गप्प."

खुराडं त्या स्वयंपाकघरापासून चाळीस पावलांवर होतं. तासाभरात मुलीने आणखी एकदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. शेवटच्या गाण्यानंतर त्या बाईने माईकजवळ येऊन तारीख, वेळ आणि स्टेशन कुठल्या आकड्यावर लागतं ते सांगितलं; स्पष्ट, एकेक शब्द सुटा, फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं. त्याची बायको नोरीन गावच्या शाळेत पहिलीला शिकवायची. आत्ता ग्रंथालयात बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तिच्याकडेच अक्षरं गिरवली होती.

तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत तिचा आवाज त्याने ऐकला नव्हता. घरात तो कशावरच उतरवलेला नव्हता. सकाळपासून त्याने चौदा टेपा ऐकल्या होत्या आणि तिचा आवाज शोधावा हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

त्याने हेडफोन काढला. एथ्नाने कागद आणि पेन पुढे केलं.

"किती गोड आहे ना? मागे कुणाचं तरी अख्खं घर आहे. तीन वाजता इथेच सगळ्यांना ऐकवू या. तुमचा आवाज, म्हणून सही लागेल. मी तुमचं नाव लिहून ठेवलंय." तिने बोट खाली नेलं. "आणि इथे टेप कुणी केली ते. बाईचा आवाज ओळखता का?"

"सही नाही केली तर?"

"तर पेटीत परत. मग कुणालाच ऐकता येणार नाही."

फिनबारने पेन हातात घेतलं. खिडकीखाली कॉन एका टेपेचा बारीक स्क्रू पिळत होता. त्याने मान वर केली नाही. त्याच्या घरात कधी बाई नव्हती, मूल नव्हतं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"हा मी नाही," फिनबार म्हणाला.

"म्हणजे?"

"आवाज माझा नाही. त्या काळी अशी पुष्कळ स्टेशनं होती. दुसरा कुणीतरी असेल."

"पण हेगार्टी म्हणाले की—"

"त्याला काय कळतंय."

हे जरा मोठ्याने बोललं गेलं. चहाच्या टेबलापाशी बोलणं थांबलं. एथ्ना गोंधळून कोपऱ्याकडे वळली.

"मिस्टर हेगार्टी, काल तर तुम्ही अगदी खात्रीने सांगत होतात."

कॉनने भिंग काढलं. काचेने डोळ्याभोवती तांबडा वळ उठला होता. तो फिनबारकडे बघत राहिला. रागाने नव्हे, एखादं यंत्र आता दुरुस्त होईल की नाही हे बघावं तसं.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "कान गेलेत आता. हा तो नव्हे."

एथ्नाने कागदावरचं नाव खोडलं आणि टेप पाकिटात सारली.

"तेव्हा बरे चांगले होते कान," पेग लूसी सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुटपुटली.

दोघंतिघं हसली. फिनबारही हसला.