एका नमो मारियाएवढा श्वास

“श्वास थांबतो म्हणजे नेमका किती वेळ?” डॉक्टरांनी विचारलं.

“एक नमो मारिया,” ऑलिव्ह म्हणाली.

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या त्या तरुण डॉक्टरला काहीच कळेना. मग ऑलिव्हनं पर्स खाली ठेवली, हात जोडले आणि भर दवाखान्यात, चक्क मराठीत, नमो मारियाची प्रार्थना पहिल्यापासून ‘आमेन’पर्यंत म्हणून दाखवली. सासूबाई म्हणतात तशी, सावकाश. डॉक्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. पेशंट, म्हणजे तिचा नवरा कॉस्मास डाबरे, मात्र शेजारच्या खुर्चीत लाजेनं अर्धा झाला होता.

“बावीस सेकंद,” डॉक्टर म्हणाला. त्याचा चेहरा आता गंभीर झाला होता. “आणि असं रात्रीतून किती वेळा?”

“मी रोझरी घेऊन मोजते. पन्नासावर मणी आहेत, पण पुरत नाहीत.”

हे कॉस्मासलाही नवीनच होतं.

कॉस्मास कौन्सिलच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचा. वसईहून इथे आला त्याला तेरा वर्षं झाली होती, आणि त्यातली नऊ संधिवातानं खाल्ली होती. म्हातारपणाचा नव्हे, ऐन चाळिशीत बोटं वाकडी करणारा संधिवात. तरीही त्याची रेघ सरळ यायची, याचा त्याला अभिमान होता. पण दोन वर्षांपासून तो बसल्या जागी झोपू लागला. ऑफिसात झोपला, फादरच्या प्रवचनात झोपला. एवढं दुखतंय म्हटल्यावर थकवा येणारच, असं सगळे म्हणायचे, तोही म्हणायचा. मग एका सकाळी गाडीत, तांबड्या सिग्नलला झोपला. सिग्नल हिरवा होऊन पुन्हा तांबडा झाला, मागचा ट्रक बोंबलू लागला, तेव्हा कुठे जाग आली. त्याच दिवशी ऑलिव्हनं गाडीची किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली. तिला गाडी येत नव्हती आणि टूवूंबात गाडीशिवाय माणूस घरातच बसतो. ऑफिसातले लोक आळीपाळीनं त्याला सोडू लागले. “लेट नाइट, मेट?” असं हसून विचारायचे. नोकरी आता फार दिवस टिकत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

वसईला आईकडे दर महिन्याला कॅसेट जायची. पत्र लिहिणं बोटांना जमत नव्हतं, म्हणून तो बोलायचा. त्या रविवारी दुपारी चार वाक्यं बोलून तो खुर्चीतच झोपला. ऑलिव्ह मागे कपडे वाळत घालत होती. परत आली तर टेप संपलेली. बाजू भरली म्हणजे नवरा आज भरपूर बोलला, असं समजून तिनं न ऐकताच कॅसेट पोस्टात टाकली.

महिन्याभरानं आईची कॅसेट आली.

“कॉस्मास, बोलता बोलता झोपलास ते राहू दे. पण घोरताना तुझा श्वास थांबतो रे बाबा! मी एक नमो मारिया पुरी म्हटली तेव्हा कुठे तू श्वास घेतलास. परत थांबलास, परत म्हटली. ऑलिव्ह, याला आधी डॉक्टरकडे ने.”

आणि आता दवाखान्यात डॉक्टरनं कॉस्मासला तोंड उघडायला सांगितलं. दोन बोटंही आत जाईनात.

“संधिवातानं जबड्याचा सांधाही धरलाय,” तो म्हणाला. “हनुवटी मागे सरकलीय, त्यामुळे झोपेत घसा मिटतो. अशा पेशंटला झोपेचं विचारायलाच हवं. आम्ही फक्त बोटांचं विचारत राहिलो. सॉरी, मिस्टर डाबरे.”

बाहेर आल्यावर कॉस्मास पायरीवरच बसला.

“ऑलिव्ह, मी आळशी नव्हतो गं,” तो म्हणाला आणि रडला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सिडनीला तपासणी झाली आणि झोपेत घसा मिटू नये म्हणून नाकातून हवा ढकलणारं एक यंत्र घरी आलं. नाकावर मास्क, त्याला नळी, आणि आवाज थेट व्हॅक्यूम क्लीनरचा. पट्टे कॉस्मासच्या बोटांना जमत नसत, ते रोज रात्री ऑलिव्ह बांधायची. बोटं वाकडीच राहिली, पण दिवसा त्याचे डोळे उघडे राहू लागले.

तीन महिन्यांनी डॉक्टर गाडी चालवायला “नो वरीज” म्हणाला. रविवारी चर्चमध्ये मिस्साला निघताना ऑलिव्हनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली. किल्ली फिरवायला त्याला वेळ लागला. ती खिडकीबाहेर बघत थांबली, मदतीला हात पुढे केला नाही.

सिग्नल तांबडा होता. कॉस्मास डोळे ताणून त्याच्याकडे बघत बसला.

“बघ, जागा आहे मी!”

त्यानं वळून पाहिलं. ऑलिव्हची मान सीटवर मागे कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. आईची कॅसेट आल्यापासून ही बाई धड झोपलेलीच नाही, हे त्याला आत्ता कळलं.

चर्चसमोर त्यानं अलगद गाडी उभी केली. आत गाणं सुरू झालं होतं. गाण्यानं तिची झोप मोडू नये म्हणून तिच्यावरून वाकून, दोन्ही हातांनी हँडल फिरवत त्यानं तिच्या बाजूची काच हळूहळू वर केली. मग तिच्या श्वासाकडे कान देऊन तो मिस्सा संपेपर्यंत तसाच बसून राहिला.