गिलाव्याआड गेलेली अंडी

मित्रांनो, मी दयाळ आहे. काळाकुळकुळीत, पांढऱ्या पट्ट्याचा, पहाटे शीळ घालणारा तो नाही हं. तो माझा नवरा. मी राखाडी. तसा पांढरा पट्टा माझ्याही पंखावर आहे आणि शेपटी मीही तशीच ताठ उभारते. पण नाव होतं ते त्याचं.

गिरगावातल्या एका वाडीत, चाळीच्या मागच्या भिंतीत जुन्या पाइपाचं भोक होतं. काड्या, मुळं, केस, मिळेल ते आणून मी तिथे घरटं केलं आणि अंडी उबवायला बसले. नवरा समोरच्या टीव्हीच्या डिशवर बसून गायचा. गॅलरीतून दहावीतली स्पृहा आजोबांना हाक मारायची, "तात्या, आला बघा आपला हिरो." मलाच उगाच मिरवल्यासारखं वाटायचं.

मग चाळीला रंग काढायचं ठरलं. भिंतीला बांबूंची परांची लागली. भिंतीतली सगळी भोकं बुजणार होती. स्पृहा कमिटीशी भांडली, दयाळाचं घरटं असेल तिथे हात लावायचा नाही. कमिटीने ऐकलं आणि लक्ष ठेवायचं काम तिच्यावरच सोपवलं. खूश होती पोरगी.

तिने लक्ष ठेवलं, पण काळ्यावर. तो भोकात शिरलाच नाही. आमच्यात अंडी उबवायला मादीच बसते.

"स्पृहा, बोल लवकर, माल सुकतोय," सीताराम गवंडी परांचीवरून म्हणाला.

"बुजवा काका. दयाळ तिथे जातच नाही."

"आणि ती मळकट चिमणी? बघ, आत्ताच भोकातून उडाली."

"ती काय हो, कुठेही घर करेल."

मी किडे टिपून परतले, तर भिंत सपाट. ओल्या सिमेंटवर मी चोच मारत राहिले. स्पृहाने तात्यांची दुर्बीण डोळ्याला लावली आणि तिचा चेहरा उतरला.

"तात्या, हिच्या पंखावर पण पट्टा आहे."

"मादी आहे ती. मादी राखाडीच असते गं. मला दाखवलीस कुठे तू?"

सीतारामने घाईघाईने छिन्नी मारून भोक मोकळं केलं. आत अंडी फुटून सिमेंटात कालवली गेली होती.

हल्ली स्पृहा काळ्याच्या आधी मला शोधते. दिसले की श्वास रोखून उभी राहते. मी थांबत नाही. राग नाही तिच्यावर, भीती वाटते.

मित्रांनो, गाणाऱ्याला सगळेच ओळखतात. गप्प बसणारीला ओळखायला थोडा वेळ द्या. फक्त तो गवंड्याने थापी उचलण्याआधी द्या.