स्क्रीनवरचं प्लास्टिक

दिग्दर्शकाने सिनेमा पुन्हा परत पाठवला. “हा अलेक्झांड्रियाचा समुद्र आहे की मोलोखियाची पालेभाजी?”

सिनेमाचे रंग सुधारणं हेच नीरमीनचं काम. त्यासाठीच तिने दाराएवढा नवाकोरा स्क्रीन कॉम्प्युटरला जोडला होता. चिडून ती त्याच्या अगदी जवळ गेली, तेव्हा तिची ट्यूब पेटली. काचेवर कारखान्यातलं निळसर प्लास्टिक तसंच होतं. आईने काढूच दिलं नव्हतं. या घरात रिमोटसुद्धा प्लास्टिकमध्ये राहायचा आणि बैठकीच्या खुर्च्या आईच्या लग्नापासून खोळींत होत्या.

नीरमीनने कोपऱ्यात नख घातलं.

“खबरदार!” आई कडाडली. “ओरखडे पडतील. पाहुणे आले की काढू.”

“पाहुणे गेले खड्ड्यात!” म्हणत तिने सगळं प्लास्टिक सोलून काढलं. समुद्र खरंच हिरवागार होता.

मग दिवसभर ती जागची हलली नाही. एकेक दृश्य पुन्हा रंगवत गेली. आई आधी धुसफुसत, मग गुपचूप मागे उभी राहून बघत होती. संध्याकाळी समुद्र निळाशार झाला.

खुर्चीच्या खोळीवरून हात फिरवत आईने विचारलं, “नीरमीन, आपल्या खुर्च्या कोणत्या रंगाच्या आहेत गं?”