बाई जेवतायत

"भाऊ, थांबते मी."

वायरलेसवर एवढंच आलं आणि सळयांचा भारा अधांतरी स्थिर झाला. मी खाली, मान वर करून उभा होतो. क्रेनला इशारे देणं हे माझं काम. वर केबिनमध्ये बसलेल्या बाईंना भिंतीपलीकडचं दिसत नाही, तिथले डोळे माझे. आमच्या धंद्यात 'थांब' कुणीही म्हणावं, अगदी सिमेंट कालवणाऱ्यानंसुद्धा, आणि कुणी म्हटलं की हूक थांबलाच पाहिजे. पुन्हा सुरू करायला मात्र खालच्या माणसाचा, म्हणजे माझा होकार लागतो. आजवर तो शब्द नेहमी खालून वर गेला होता. वरून खाली पहिल्यांदाच आला.

"काय झालं ताई? वारा आहे का?"

"वारा नाही. छातीत आवळतंय."

मी आवाज साधाच ठेवला. वर बसलेल्या माणसाला खालच्याची भीती ऐकू जाऊ द्यायची नसते.

"रोजची जळजळ आहे का?"

"जळजळ घरचीच आहे रे, तिला मी ओळखते. हे आवळतंय. पार पाठीपर्यंत जातंय. आधी भारा ठेवते, मग बोलू. मोकळी जागा सांग."

"तसाच राहू दे ना. आधी तुम्ही..."

"माणसांच्या डोक्यावर ओझं लोंबतं ठेवून मी कुठं जात नाही. जागा सांग."

मी माणसं हटवली आणि जागा सांगितली. भारा खाली आला आणि लाकडी ठोकळ्यांवर असा टेकला की एक सळई वाजली नाही. छातीत पट्टा ओढला जात असताना हे काम त्यांनी केलं. मी त्या वेळी मनातल्या मनात त्यांना हात जोडले, हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

"आता शिडीनं उतरते," बाई म्हणाल्या.

"नाही उतरायचं. 'थांब' तुम्हीच म्हणालात, मग तुम्हालाही लागू. मी म्हणेपर्यंत हलायचं नाही."

मग त्या म्हणाल्या, "मोठा आलास शिकवणारा." पण हलल्या नाहीत.

उंचावरून माणूस उतरवायचा सराव असलेली आमच्याकडची दोघं वर चढली. त्यांनी बाईंना पट्ट्यांच्या झोळीत बसवलं आणि दोरावरून सोडलं. मी सवयीनं हातानं इशारे देत होतो, हळू, अजून हळू. आयुष्यभर ओझी उतरवलेली बाई त्या दिवशी स्वतः ओझं होऊन खाली आली. चेहरा पांढरा पडला होता, पण पाय टेकल्या टेकल्या मला म्हणाल्या, "इशारे बरे देतोस."

भर दुपारी त्यांचे पाय जमिनीला लागलेले साइटवर कुणी पाहिले नव्हते. सगळे त्यांना 'वरच्या बाई' म्हणत ते काही उगाच नाही. पहिल्या नोकरीत एका ठेकेदारानं तोंडावर म्हटलं होतं, "बाईमाणूस दहादा खाली उतरणार, काम खोळंबणार." बाईंनी उलट उत्तर दिलं नाही. सकाळी वर चढल्या त्या सुटी झाल्यावरच उतरल्या. दुसऱ्या दिवशी तेच, आणि मग जन्मभर तेच. त्यांच्या या नेमाच्या गोष्टी दुसऱ्या साइटवर जाऊन सांगणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे.

तो नेम पाळायचा तर पाणी घोटाघोटानं प्यायचं, म्हणजे उतरायची वेळ येत नाही. दोन फेऱ्यांच्या मधे डबा उघडायचा, चार घास कोंबायचे. पायाखालच्या काचेतून खाली बघत बघतच जेवायचं, म्हणजे पोटाची घडी करून. वर कमरेचा पट्टा करकचून आवळलेला. त्यावर फ्लास्कमधला कडक चहा. मग दुपारभर वायरलेसवर ढेकर, आणि मी विचारायचो, "ताई, हा इशारा कुठला?" त्या म्हणायच्या, "हा वरच्या मजल्याचा."

इस्पितळात त्यांना लगेच आत घेतलं. छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढली, रक्त घेतलं, काही तासांनी पुन्हा घेतलं. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. ते दुकान उघडं टाकूनच आले होते, भिंग अजून कपाळावर चढवलेलं. आम्ही दोघं बाकावर बसलो. माणूस अबोल. तरी म्हणाले, "तिला वर काही झालं असतं तर?" मी म्हटलं, "वर नाही झालं ना."

मधेच साइटवरच्या साहेबांचा फोन आला. आधी तब्येत विचारली, तेवढं श्रेय त्यांना देतो. मग म्हणाले, "हे बघ, हार्टचं निघालं तर त्यांना वर पाठवता येणार नाही. आणि नाही निघालं तरी आता वय झालंय. मी दुसरा माणूस बघून ठेवतो." मी फोन ठेवला आणि हे कुणाला सांगितलं नाही. पण बाईंचे कान वाऱ्याच्या आवाजातून माणसाचा आवाज निवडणारे. पडद्याआडून विचारलं, "साहेब होते ना? दुसऱ्यासाठी माझी खुर्ची मोजत होते?"

त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. सकाळी सरकत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं. मग डॉक्टरबाई आल्या, वयानं बाईंच्या मुलीएवढ्या.

"हृदय चांगलं आहे. हा त्रास आम्लाचा आहे."

बाईंना हायसं वाटायचं सोडून रागच आला. "म्हणजे ढेकर आला म्हणून मला दोरानं उतरवलं? साइटवर तोंड कसं दाखवू?"

"असं नका म्हणू," डॉक्टर स्टूल ओढून बसल्या. "अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागेच असते. आम्ल वर चढलं की ती जळते, कधी आखडते. मग आवळल्यासारखं होतं, पाठीतही जातं. हृदयाचं दुखणंही असंच असतं. बाहेरून मलासुद्धा ओळखता येत नाही, म्हणून तर एवढ्या तपासण्या केल्या. तुम्ही थांबलात हे शंभर टक्के बरोबर केलंत. पुन्हा असं आवळलं तर पुन्हा थांबायचं आणि यायचं. आम्लच असेल म्हणून गोळी चघळत बसायचं नाही. आता सांगा, जेवता कशा?"

बाईंनी खाटेवर बसून करून दाखवलं. पट्टा, घडी, गुडघ्यांमधून खाली नजर, हातात घास. डॉक्टर बघतच राहिल्या.

"अहो, असं वाकलं तर गिळलेलं सगळं वर येणार नाही तर काय होईल? औषध देते, पण नुसत्या औषधानं भागणार नाही. पट्टा सोडून, ताठ बसून, सावकाश जेवायचं. जेवल्यावर थोडं चालायचं. पाणी प्यायचं."

"त्यासाठी खाली उतरावं लागेल," बाई म्हणाल्या.

"मग उतरा की."

आपण काय बोलून गेलो हे त्या पोरीला ठाऊक नव्हतं. यजमानांनी मात्र तोंड उघडलं. "मी लग्नापासून हेच सांगतोय. माझं ऐकलं नाहीस, आता पोटाचं तरी ऐक."

बाई हसल्या नाहीत. खिडकीतून लांबवर कुणाची तरी क्रेन दिसत होती, तिकडे बघत बसल्या. त्या ठेकेदाराला त्या मनात उत्तर देत असाव्यात. उतरेन, पण हरले म्हणून नाही, असं काहीतरी.

औषधानं आराम पडल्यावर आणि डॉक्टरांनी चढायला परवानगी दिल्यावर बाई थेट साहेबांच्या पत्र्याच्या केबिनमध्ये गेल्या. मला बरोबर नेलं.

"छान, बऱ्या झालात," साहेब म्हणाले. "मग चढताय ना?"

"चढते. पण यापुढे जेवायला खाली येणार. उतरायला, जेवायला आणि परत चढायला लागेल तेवढा वेळ घेणार."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तेवढा वेळ अख्खी साइट थांबेल, बाई. क्रेन म्हणजे उंट, उंटावरूनच शेळ्या हाकायच्या आहेत आपल्याला. उंटच बसला तर कसं व्हायचं?"

"खायला उंटालाही लागतं साहेब."

"पण तुमचा तर लौकिक आहे. वरच्या बाई उतरत नाहीत."

"तो लौकिक इतकी वर्षं माझ्या पोटानं सांभाळला. थकलं आता ते." बाईंचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी मी थांबले नसते, आणि भारा वरून सुटला असता, तर साइट किती दिवस थांबली असती? मी ढेकर समजून दुर्लक्ष करू, की थांबू? तुम्ही सांगाल तसं करते."

साहेब माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "नवा माणूस आणणार असाल तर त्याला इशारे द्यायलाही दुसरा बघा. माझं याच आवाजाशी जमतं."

"तू गप रे," बाई म्हणाल्या. साहेबांनी कपाळ चोळलं, नकाशा गुंडाळला, पुन्हा उलगडला. मग म्हणाले, "बरं. बाकीच्यांचीही जेवणं त्याच वेळेला लावतो." माणूस वाईट नाही, त्याला फक्त हूक रिकामा बघवत नाही.

त्याच दुपारी वायरलेस खरखरला. "भाऊ, थांबते मी."

हूक वर गेला, बाईंनी क्रेनचा लांब हात वाऱ्याबरोबर फिरायला मोकळा सोडला आणि शिडीवरून एकेक पायरी उतरू लागल्या. मिक्सर बंद झाला. ठोकाठोक थांबली. इतकी शांतता या साइटवर मी कधी ऐकली नव्हती. सगळी पोरं बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती.

बाईंनी कमरेचा पट्टा सोडून खिळ्याला अडकवला. हातपाय धुतले. फळीच्या बाकावर पाठ ताठ करून बसल्या आणि डबा उघडला. मला जाणवलं, इतकी वर्षं रोज यांच्याशी बोलतो, पण यांना जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. घास लहान घेतात, चावताना डोळे मिटतात.

तेवढ्यात विटांचा ट्रक आत शिरला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, खिडकीतून डोकं काढलं. "माल उतरवायचाय. क्रेन बंद का?"

मी त्याच्यापाशी गेलो आणि छाती पुढे काढून सांगितलं, "बाई जेवतायत."

त्यानं इंजिन बंद केलं.

मी परत आलो तेव्हा बाईंनी रिकामा पेला माझ्यापुढे धरला होता. मी रांजणातून पाणी आणलं, त्यांची घोटाघोटाची सवय ठाऊक म्हणून अर्धाच पेला. त्यांनी त्यात डोकावून पाहिलं आणि पेला परत माझ्या हातात दिला.

"भरून आण."